खोलीची हवा धरून

सासूबाईंचं बीपीचं जुनं मशीन मी मागितलं तेव्हा त्या माझ्या मुलीला कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. खालच्या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक सायकल दोघींनाही बघायची असते, त्यामुळे त्यांनी मान वळवली नाही.

"कपाटात आहे, घे. पण कॉलेजात मुलांचं बीपी तपासायला लागलीस की काय आता?"

"मुलांचं नाही आई, हवेचं."

मग मात्र त्यांनी वळून बघितलं. आधी माझ्याकडे, मग नातीकडे. "ऐकलंस का गं? तुझी आई हवेचं बीपी बघणार. घरातल्यांचं कुणी बघत नाही."

मशीन म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, मुठीत दाबायचा रबरी फुगा आणि एक गोल तबकडी. तिच्यावरचा काटा शून्यापासून तीनशेपर्यंत फिरतो. सासूबाई हल्ली बॅटरीवालं मशीन वापरतात, हे नुसतं पडून होतं. मला हवी होती ती तबकडी आणि तिची नळी.

मी रसायनशास्त्र शिकवते. म्हणजे शिकवत होते. मुलीच्या वेळची रजा संपवून परत आले तर माझे तास दुसऱ्यांना वाटून झालेले, आणि माझ्या वाट्याला रसायनांची खोली. बाटल्या पुसायच्या, पुसट झालेल्या चिठ्ठ्या बदलायच्या, प्रयोगाला लागेल ते काढून द्यायचं. काम वाईट नव्हतं. पण घरी जी दिवसभर माझ्याशी बोलते तिला अजून बोलता येत नाही, आणि इथे ज्यांच्यात दिवस जायचा त्या बाटल्यांना कधीच बोलता येणार नव्हतं. एकदा किराणा दुकानदाराकडून सुटे पैसे घेतले आणि त्या भल्या माणसाला हात हलवून चक्क टाटा करून आले. तोही बिचारा हसून टाटा करता झाला. घरी येऊन हसले खरी, पण मग एक प्रश्न मागे लागला. जे शिकायला इतकी वर्षं घालवली ते सगळं, कुठल्यातरी फटीतून, आवाज न करता निघून तर नाही ना गेलं?

अशात आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. नापास मुलांची एक तुकडी होती आणि तिला शिकवणारे सर नोकरी सोडून गेले होते.

"ही मुलं एकदा नाही, दोनदा पडलेली आहेत," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "यांना परत पडू द्यायचं नाही. गुरुवारी तुम्ही वायूंचा धडा सुरू करा. गुणधर्म, दाब, तापमान, तिन्ही नियम. मी मागे बसेन. जमलं तर तुकडी वर्षभर तुमची. नाही जमलं तर रसायनांची खोली आहेच."

"जमेल मॅडम."

"घरी मूल लहान आहे. तास घेतला की रोज उभं राहावं लागतं. आज तिला ताप, उद्या तिला सर्दी, असं चालत नाही. विचार करून सांगा."

"विचार करूनच सांगितलं."

कडक बाई, पण मनात एक आणि ओठांवर एक असला प्रकार नाही.

तयारी करायची ती मुलगी दुपारी झोपते तेवढ्यात. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात गोल बुडाचा काचेचा फ्लास्क, फ्लास्कला रबरी बूच, बुचातून निघणारी नळी आणि नळीच्या टोकाला सासूबाईंची तबकडी. बूच उडू नये म्हणून तारेनं गळ्याशी आवळलेलं. नवरा त्या दिवशी घरीच होता. दारात उभा राहून म्हणाला, "इथे काही फुटणार असेल तर आधी सांग. मी जेवण बाहेरून मागवतो."

"फुटलं तर तुझ्या स्वयंपाकाच्या पाळीला फुटेल. माझी काल झाली."

पाणी तापत गेलं तसा काटा हलला. अगदी शहाण्या मुलासारखा, हळूहळू, पण न थांबता वर. फ्लास्कमधल्या हवेला जागा तेवढीच, ती तापली, आणि तिचा दाब वाढला. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. त्या टाळीनं मुलगी उठली. पुढचं मोजमाप राहिलं ते राहिलंच.

आमच्या प्रयोगशाळेची एक रीत इथेच सांगितली पाहिजे. प्रयोगात आकडा वेडावाकडा आला की कुणी 'का आला' म्हणून विचारत नाही. पुस्तकातला आकडा बघायचा आणि आपला त्याच्याजवळ नेऊन बसवायचा. याला आम्ही 'पुस्तकातलं रीडिंग' म्हणतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो. उपकरणं जुनी, तास छोटा, मुलं भरपूर, परीक्षा जवळ. मीही विद्यार्थी असताना असे आकडे बसवलेत, आणि शिकवताना मुलांनी बसवलेले खपवलेतही.

गुरुवारी मोठ्या मॅडम माझ्याआधीच येऊन बसल्या होत्या, मागच्या भिंतीशी, पाठ ताठ. समोर तीन टेबलं, तिन्हींवर फ्लास्क आणि तबकड्या. एक तबकडी घरची, एक कॉलेजच्या प्रथमोपचाराच्या खोलीतली, आणि एक माझ्या नर्स मैत्रिणीची, तिची परत करायची तंबी ऐकून आणलेली. मुलं आली ती वर्गात शिरल्यासारखी नाही, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी. पहिल्या टेबलाशी एक उंच मुलगा होता. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण हा धडा त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त वेळा ऐकला होता.

"वायूचे गुणधर्म कोण सांगेल?" मी विचारलं.

प्रोफेसर उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "वायूला निश्चित आकार नसतो, निश्चित आकारमान नसतं, तो दाबता येतो, तो सर्व दिशांना पसरतो, तो भांड्याच्या भिंतींवर दाब देतो." आणि खाली बसला.

"शाबास. आता सांग, म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते पुस्तकात नाही मॅडम."

वर्ग हसला. मागे मोठ्या मॅडमनी काहीतरी लिहिलं.

मी पर्समधून मुलीची औषध पाजायची सुई नसलेली पिचकारी काढली. दट्ट्या अर्धा ओढून तिच्या टोकावर बोट घट्ट दाबून धरलं आणि ती प्रोफेसरपुढे केली. "दाब."

त्यानं दट्ट्या दाबला. तो थोडा आत गेला आणि अडला. मी बोट सोडलं नाही, त्यानं दट्ट्या सोडला. तो परत बाहेर आला.

"आत काय आहे?"

"काही नाही. म्हणजे, हवा."

"मग काही नाही ते तुला परत कसं ढकलतंय?"

त्यानं पुन्हा दाबून बघितलं. मग पिचकारी शेजाऱ्याकडे गेली, मग त्याच्या शेजाऱ्याकडे, आणि बघता बघता अख्खा वर्ग हवा दाबत बसला.

"माझी एक मुलगी आहे," मी म्हणाले, "नुकती चालायला लागलीय. तिला कुठल्याही खोलीत सोडा, ती एका कोपऱ्यात बसत नाही. पलंगाखाली, दाराआड, टेबलावर, मिळेल ती जागा तिची. मोठी खोली दिली तर मोठी भरते, छोटी दिली तर छोटी. तिला असं आपलं आकारमान नाही. तशा असंख्य मुली या पिचकारीत आहेत असं समजा. त्यांना रेणू म्हणायचं. त्या सतत धावतात आणि भिंतीवर आपटतात. त्या आपटण्याला आपण दाब म्हणतो. जागा कमी केली की जास्त वेळा आपटतात."

"आणि तापवल्यावर?" मधल्या टेबलावरून आवाज आला. जाड चष्म्याची, केस घट्ट बांधलेली मुलगी. तोवर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"झोप काढून, दूध पिऊन उठली की माझी मुलगी काय करते?"

"जास्त जोरात धावते."

"आणि जास्त जोरात आपटते. तापमान वाढलं म्हणजे एवढंच झालं. चला, ते आपटणं मोजू."

काम सोपं होतं. वीस अंशाच्या पाण्यात फ्लास्क ठेवायचा, मग बूच लावायचं. पाणी तापवत न्यायचं. चाळीस, साठ, ऐंशी अंशांवर काट्याचा आकडा टिपायचा. मग आलेख कागदावर ठिपके देऊन त्यातून सरळ रेष काढायची आणि ती डावीकडे, थंडीच्या दिशेनं, वाढवत न्यायची, दाब शून्य होईपर्यंत. जिथे दाब संपेल ते तापमान म्हणजे रेणूंचं धावणं थांबण्याची जागा. पुस्तकात ती उणे दोनशे त्र्याहत्तर दिली आहे. त्याहून थंड काही असत नाही.

तिसऱ्या टेबलाचं बूच तार नीट न आवळल्यामुळे 'फुस्स' करून उडालं आणि कपाटाखाली गेलं. ती मुलं बूच शोधायला जमिनीवर आडवी झाली आणि त्यांचा प्रयोग तिथेच संपला. मग ती मधल्या टेबलाभोवती जाऊन उभी राहिली.

पहिल्या टेबलाचं सगळ्यांत आधी झालं. पाणी अजून कोमट असताना प्रोफेसरनं कागद वर केला.

रेष कशी, तर ताणलेल्या दोरीसारखी. चारही ठिपके तिच्यावर बसलेले, आणि टोक बरोबर उणे दोनशे त्र्याहत्तरवर टेकलेलं. मोठ्या मॅडम मागून उठून आल्या. त्यांनी कागद हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"सुरेख," त्या म्हणाल्या. "हाच फळ्यावर घ्या आणि पुढच्या नियमाकडे वळा. वेळ बरा राखलात."

मला हायसं वाटलं. तुकडी मिळाल्यातच जमा होती. मी कागद घेतला, फळ्याकडे वळले, खडू उचलला आणि आकडे वाचले. वीस अंशाला सातशेसाठ. चाळीसला आठशे बारा. साठला आठशे चौसष्ट. ऐंशीला नऊशे सोळा.

माझ्यापुढे, हाताच्या अंतरावर, तबकडी होती. तिच्यावरचा शेवटचा आकडा तीनशे.

मोठ्या मॅडमनी रेष बघितली होती, तबकडी नव्हती. कुणीच बघणार नव्हतं. मी चार आकडे फळ्यावर लिहिले असते तर सगळ्यांनी मुकाट उतरवून घेतले असते, मोठ्या मॅडमसकट.

तेवढ्यात मधल्या टेबलाकडे लक्ष गेलं. चष्मेवाली खोडरबरानं कागद खरवडत होती आणि मला बघताच तिनं त्यावर कोपर ठेवलं.

"दाखव बघू."

"आमचं चुकलंय मॅडम."

"असू दे. दाखव."

तिनं कोपर काढलं. वीसला शून्य, चाळीसला अठ्ठेचाळीस, साठला शहाण्णव, ऐंशीला एकशे चव्वेचाळीस. तिची रेषही सरळ होती. फक्त ती वीस अंशांवरच जमिनीला टेकली होती.

"आमची हवा वीसलाच संपतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे या खोलीत आत्ता हवाच नाही."

"म्हणूनच मला गुदमरल्यासारखं होतंय," अजूनही कपाटाखाली बूच शोधत असलेला एकजण म्हणाला.

वर्ग हसला, ती हसली नाही. काटा नीट हलला होता, मुलीनं नीट वाचला होता, रेष नीट काढली होती, आणि उत्तर मात्र निव्वळ वेडगळ. स्वयंपाकघरात मी टाळी वाजवून थांबले होते, त्याच्या पुढची ही जागा. कानामागे ऊन ऊन वाटायला लागलं.

"मॅडम," मोठ्या मॅडम म्हणाल्या, "त्यांना पहिल्या टेबलाचे आकडे उतरवून घेऊ द्या. अजून दोन नियम आहेत."

मी खडू खाली ठेवला.

"नको मॅडम. पुढचा नियम आज राहू दे." माझा आवाज मला वाटला त्याहून बारीक आला. "एका टेबलावर वीस अंशाला सातशेसाठ आहे आणि दुसऱ्यावर शून्य. हवा तर दोघांनी याच खोलीतली घेतली. हे सोडून पुढे कसं जायचं?"

मोठ्या मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत जाऊन बसल्या. पेनाचं टोपण लावल्याचा आवाज मला फळ्यापाशी ऐकू आला.

"प्रोफेसर," मी म्हणाले, "आठशे चौसष्ट या तबकडीवर कुठे दिसलं?"

तो उभा राहिला. तबकडीकडे बघितलं, मग पायांकडे.

"तबकडीवर नाही दिसलं मॅडम. आजवर कुठल्याच यंत्रावर बरोबर उत्तर दिसलेलं नाही. म्हणून आम्ही उत्तराकडून उलटं चालत येतो. त्यात चूक होत नाही."

"उलटं येऊन पोचलास कुठे?"

"सातशेसाठला. वातावरणाचा दाब. पाऱ्याचे सातशेसाठ मिलिमीटर. धडा तिथूनच सुरू होतो."

"बीपीच्या तबकडीवरचं मापही तेच, पाऱ्याचे मिलिमीटर. बरं, हे तुझं वातावरण कुठे असतं?"

"बाहेर. सगळीकडे."

"या खोलीत?"

"असणारच की."

"या फ्लास्कमध्ये, बूच लावलं त्या क्षणी?"

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. "असणार. तोंड उघडंच होतं त्याचं."

"मग हिच्या काट्यानं तो का नाही दाखवला?"

पाणी उकळायच्या बेतात होतं, त्याची बुडबुड तेवढी चालू. मला उत्तर तोवर सापडलं होतं, जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळून गप्प उभं राहणं किती कठीण असतं हे शिकवणाऱ्याला विचारा. माझी मुलगी बुटात पाय घालायला धडपडते तेव्हा मी हात मागे बांधून उभी राहते, तशी उभी राहिले.

चष्मेवालीनं नळी फ्लास्कवरून ओढून काढली. तबकडी टेबलावर नुसती ठेवली, कशालाच न जोडता. काटा शून्यावर आला.

"उघडी ठेवली तरी शून्यच," ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "आतही सातशेसाठ, बाहेरही सातशेसाठ. दोन्हीकडून सारखंच ढकलतंय. मग काटा हलणार कुणीकडे? मॅडम, हिचं शून्य म्हणजे शून्य नाही. हिचं शून्य म्हणजे ही खोली."

"म्हणजे ही नुसती वरची कमाई दाखवते," प्रोफेसर म्हणाला. तो कधी मधल्या टेबलाशी येऊन उभा राहिला ते कळलंच नव्हतं. "मूळचं धरतच नाही. मग तुझ्या प्रत्येक आकड्यात आमचे सातशेसाठ मिळव ना. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"तुझे काय त्यात? तुझे तर चोरलेले आहेत."

"चोरलेले असले तरी खरे निघाले."

तिनं नवा कागद घेतला. सातशेसाठ. आठशे आठ. आठशे छप्पन्न. नऊशे चार. रेष डावीकडे निघाली आणि कागद संपला. तिसऱ्या टेबलावाल्यांनी दुसरा कागद आणून चिकटवला. रेष चालूच. मी डोकी मोजली नाहीत, पण त्या एका टेबलाभोवती अख्खी तुकडी होती, आणि मागच्यांना दिसत नाही म्हणून पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या.

तास संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही.

"टेकली," चष्मेवाली म्हणाली. तिनं खालचा आकडा वाचला आणि तिचा चेहरा पडला. "उणे दोनशे सत्त्याण्णव. परत चुकलं."

"फार नाही चुकलं. आण इकडे," प्रोफेसर म्हणाला, "मी बसवून देतो दोनशे त्र्याहत्तरला. माझा हातखंडा आहे."

"पेन घे," मी तिला म्हणाले, "आणि उणे दोनशे सत्त्याण्णव लिही. पेनानं. मघाशी तुझी हवा वीसला संपत होती. आता ती तीनशे अंश खाली जाऊन संपतेय. हे दिवसभरातलं सगळ्यांत खरं रीडिंग आहे."

"पण चोवीसचा फरक का आला?"

हे मागून आलं. मोठ्या मॅडम गर्दीत येऊन उभ्या होत्या. मुलं बाजूला सरली. त्यांनी पुढे होऊन स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या, मुलांच्या बाजूला. फ्लास्क न्याहाळला, तार बघितली, बूच बघितलं. मग टेबलावर पडलेली लांब रबरी नळी उचलून हातात धरली.

"मघाशी हिला हात लावला होता का कुणी? पाणी ऐंशीला होतं तेव्हा?"

"मी लावला होता," चष्मेवाली म्हणाली. "गार होती."

"आत काय होतं हिच्या?"

"हवा." ती थांबली. "गार हवा. ती तापलीच नाही. म्हणजे सगळ्या मुली धावत नव्हत्या, काही नळीतच बसून होत्या."

"मुली कुठल्या?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"रेणू मॅडम. मॅडमच्या घरचे."

"बरं. मग दाब हवा तेवढा वाढला का?"

"नाही. कमी वाढला."

"मग रेष?"

"कमी चढली. आडवी झाली जरा." तिनं हवेत हातानं रेष काढून बघितली, एकदा चढती, एकदा पसरट. "आणि पसरट रेष लांब जाऊन टेकते."

मोठ्या मॅडमनी मान हलवली. त्या कागदावरून नजर काढत नव्हत्या. मग एकदम काहीतरी आठवल्यासारख्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "जरा बाहेर या."

जिन्यापाशी त्या थांबल्या. पुढच्या तासाची मुलं आमच्या दोन्ही बाजूंनी वर जात होती.

"तुम्ही तीन नियम घेणार होतात. एकही पुरा झाला नाही."

"हो मॅडम."

"या चालीनं गेलात तर परीक्षा दारात येईल आणि तुम्ही पिचकारीच दाबत बसाल."

"हो."

"आणि घरी हा प्रयोग पुरा करून बघितला नव्हतात. बघितला असता तर तबकडीचं शून्य तुम्हाला आधीच दिसलं असतं."

"काटा हलेपर्यंत बघितला. मग मुलगी उठली."

खोटं काय सांगायचं. मनात रसायनांच्या खोलीची किल्ली कुठल्या खिळ्याला असते ते येऊन गेलं.

मोठ्या मॅडम कठड्यावरून खाली बघत होत्या. "माझा मुलगा मिनिटभरही झोपायचा नाही," त्या म्हणाल्या. "मी पुस्तकातलं रीडिंग घ्यायला तेव्हा लागले. तात्पुरतं म्हणून. तो आता माझ्यापेक्षा उंच झालाय." आणि तेवढ्यावरच विषय मिटवून, नेहमीच्या आवाजात, "सोमवारी पहिला तास त्यांचा. तुम्ही घ्या. दोन नियम झाले पाहिजेत, पूर्ण, उदाहरणांसकट. ते करून वेळ उरला तर तुमची तबकडी. आणि मूल आजारी पडलं तर आदल्या दिवशी कळवा, मी उभी राहीन त्या तासाला. तुकडी तुमचीच राहील."

मी काहीतरी म्हणाले. बहुतेक आभारच. त्या जिना उतरायला लागल्या होत्या.

परत आत आले तर वाटलं होतं खोली रिकामी असेल. पुढच्या वर्गाची मुलं दारात खोळंबली होती आणि आत माझी तुकडी. 'माझी' हा शब्द मनात पहिल्यांदा उच्चारून बघितला, तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखा. चष्मेवालीनं नळी पाण्यानं भरून ती मोजपात्रात ओतली होती, आत किती हवा मावते ते बघायला. प्रोफेसर आकडा टिपत होता. तिसऱ्या टेबलावाले आपलं बूच परत तारेनं आवळत होते, यावेळी दोघंदोघं मिळून.

"मॅडम," प्रोफेसरनं मान वर न करताच विचारलं, "सोमवारी आम्हाला कोण शिकवणार?"

"मी."

त्यानं मान वर केली. बाकीच्यांनीही. तारेवरचे हात थांबले होते ते परत चालू झाले.

"मग ही नळी कापली तर चालेल का?" चष्मेवालीनं विचारलं. "जेवढी लागते तेवढीच ठेवू."

"चालेल. पण आधी दोन नियम. मोठ्या मॅडमना शब्द दिलाय."

"दोन्ही पाठ आहेत माझे," प्रोफेसर म्हणाला.

"तेच तर. सोमवारी 'म्हणजे काय' सांगायचंय."

"मग तर कठीण आहे," तो म्हणाला, आणि मोजपात्रातलं पाणी डोळ्यांच्या रेषेत आणून, एक डोळा मिटून, परत एकदा वाचायला लागला.